थरथरत्या बोटांसाठी कीबोर्ड

हात थरथरणाऱ्या किंवा नजर अधू झालेल्या माणसाला मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर अक्षर सापडत नाही. मनातले दुखणेही मग नातवाकडून लिहून घ्यावे लागते. अशांनी ब्लूटूथचा सुटा कीबोर्ड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र खिशात मावतो म्हणून इवलासा घेऊ नये. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असावे. बटण दाबल्याचे बोटाला समजावे. ‘एफ’ व ‘जे’वरील उंचवटे चाचपता यावेत. इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे असतात. सरावाने ती हातात बसते. बडनेऱ्याहून अमरावतीच्या दुकानात जाताना स्वतःचा मोबाईल न्यावा, कीबोर्ड जोडून मराठी वाक्य लिहून पाहावे, मगच पैसे मोजावेत. आपले गुज आपल्याच हाताने लिहिता येणे, हेही आरोग्यच!