घरपोंच अन्न आणि मोडती पंगत

सुशिक्षित मध्यमवर्गांत गेल्या कांहीं वर्षांपासून एक ओरड सारखी कानीं येत आहे. घरची चूल थंडावली, बाहेरचें खाणें बोकाळलें, आणि त्यापायीं आमची गृहसंस्कृति रसातळास चालली, असा या ओरडीचा इत्यर्थ आहे. ओरड करणारांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्यांचा सगळा उद्योग ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ अशा मासल्याचा आहे, हें स्पष्ट बोलणें आम्हांस भाग आहे. चार परक्या माणसांत बसून बाहेर खाणें हा समाजाचा दोष नव्हे. ती समाजानें दीर्घ कलहानंतर मिळविलेली कमाई आहे. दोष आहे तो तेंच बाहेरचें अन्न घरीं मागवून, दाराच्या फटींतून हातीं घेऊन, दार लावून खाण्याच्या नव्या संवयींत. पहिली गोष्ट निंदेचा विषय झाली आहे, आणि दुसरी सोयीच्या नांवाखालीं निर्वेधपणें घरांत शिरत आहे. हा उलटा न्याय वाचकांच्या नजरेस आणून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अशा विषयावर लिहावयाचें म्हणजे मुंबई-पुण्याकडे पाहूनच लिहावयाचें, अशी आमच्या लेखकांत रूढि पडली आहे. आम्ही उदाहरणादाखल मराठवाड्यांतील मुदखेड घेतों. नांदेड जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण फुलशेतीबद्दल प्रसिद्ध आहे. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गाला आदिलाबादचा फांटा येथेंच फुटतो, आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचें प्रशिक्षण महाविद्यालयही येथें आहे. जंक्शनचें गांव म्हणजे वाट पाहणारांचें गांव. गाडीला अवकाश असला म्हणजे मनुष्य चहा घेतो, आणि चहा घेतांना शेजारीं कोण बसावें याची निवड त्याच्या हातीं नसते. फुलांच्या पाट्या उतरवून आलेला शेतकरी, रुळांवर राबणारा गँगमन, रजेवर निघालेला परप्रांतीय जवान आणि तालुक्याच्या कचेरींत खेटे घालून कंटाळलेला पक्षकार यांना एकच बाकडें पुरतें, आणि सर्वांच्या पुढें तींच भजीं व तेच पोहे येतात. अशा गांवांतही आतां फोन करून पार्सल मागविण्याची रीत सुशिक्षित घरांत रुजत आहे. तिचें मोठें यंत्र, म्हणजे मोबाइलवर मागणी घेऊन अन्न दारीं पोंचविणाऱ्या झोमॅटो-स्विगीसारख्या कंपन्यांचा कारभार, नांदेडपर्यंत येऊन ठेपला आहे. नांदेडाहून मुदखेड कांहीं लांब नाहीं. तेव्हां आपल्या गांवानें कोणत्या वाटेनें जावें, हें ठरविण्याची वेळ हीच आहे.

ज्यांस हॉटेलांतलें बाकडें क्षुल्लक वाटतें त्यांनीं त्याचा इतिहास पाहावा. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर बालंट आलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं. चहाचा एक पेला धर्माच्या न्यायासनापुढें उभा राहिला! त्याच १८९० सालीं मुंबईंत महादू हावजी बच्चे यांनीं डबे पोंचविण्याचा धंदा उभा केला. डबेवाल्यांच्या कष्टाला आणि चोखपणाला आमचें वंदन आहे. पण घरच्या चवीच्या ओढीबरोबर परान्नाची धास्तीही त्या धंद्याला पोषक झाली, हें विसरतां येत नाहीं. कचेरींत मांडीला मांडी लावून काम करणाऱ्या अनेकांस एका हातचें अन्न चालत नसे. म्हणून घरच डब्यांत घालून कचेरींत न्यावें लागे. रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर हिंदूंचें पाणी निराळें आणि मुसलमानांचें निराळें, असा खाक्या कित्येक वर्षें चालला. आमच्या मराठवाड्यांत, निजामी अमलांत, १९३४ सालीं दौलताबादच्या किल्ल्यापाशीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती यांनीं हौदाच्या पाण्यानें हातपाय धुतले, एवढ्यावरून त्यांस शिवीगाळ सोसावी लागली. हा प्रसंग त्यांनीं स्वतःच लिहून ठेवला आहे.

उलट बाजूचें उदाहरण कोल्हापुरास सांपडतें. शाहू छत्रपतींनीं गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास चहाचें हॉटेल काढण्यास साह्य केलें, स्वतः तेथें थांबून चहा घेतला, आणि बरोबरच्या वरिष्ठ जातींच्या मंडळींसही तो घ्यावयास लावला. ज्या राजापाशीं फर्मान काढण्याची सत्ता होती त्यालाही भरवस्तींत कप तोंडाला लावून दाखवावा लागला, यावरून त्या बाकड्याची योग्यता कळून येईल. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें आपल्या पंधराव्या कलमांत दुकानें आणि सार्वजनिक उपाहारगृहें यांचा नांवानिशीं उल्लेख केला, आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून तेथें कोणालाही मज्जाव होऊं नये असें ठरविलें. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानें अस्पृश्य म्हणून होणारा मज्जाव शिक्षेस पात्र झाला. कायद्यानें सर्वत्र काम पुरें केलें असें नव्हे. निराळ्या कपबशीची चाल खेड्यापाड्यांतून त्यानंतरही टिकून राहिली. परंतु घटनाकारांस एवढ्या मोठ्या कामांत उपाहारगृहाची आठवण राहिली, याचें मर्म ओळखावें. सभेंत समतेवर टाळ्या वाजविण्यास फारसें बळ लागत नाहीं. परक्याच्या ओठाला लागून विसळलेल्या पेल्यांतून चहा घेतांना मात्र समतेची परीक्षा होते.

मुदखेडच्या शेजारींच याहून जुनें उदाहरण नांदत आहे. नांदेडास १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगजींनीं देह ठेवला. तेथील सचखंड हुजूर साहिबांत लंगर चालतो. जातपात न विचारतां सर्वांनीं एका पंगतींत बसावें आणि एकच अन्न घ्यावें, हा त्याचा नियम. आमच्या लग्नकार्यांतील पंगती मात्र पिढ्यान्‌पिढ्या जातवारीनें बसत आणि जातवारीनें उठत. तेव्हां ‘जुनी पंगत गेली हो!’ म्हणून जे उसासे टाकतात, त्यांनीं कोणती पंगत गेली तें आधीं सांगावें. जातीची पंगत गेली असेल तर तिच्या नांवानें आंघोळ करून मोकळें व्हावें. एका बाकड्यावरची पंगत जात असेल, तर मात्र शोक करीत न बसतां तिला अडविण्यास धांवावें.

आतां आक्षेपकांकडे वळूं. पहिला आक्षेपक शुद्धतेचा कैवारी आहे. बाहेरचें तेल पुन्हां पुन्हां तापविलेलें, बाहेरचें पाणी संशयास्पद, आणि आजच्या बायकांना रांधण्याचा कंटाळा, हे त्याचे तीन मुद्दे. पहिले दोन आम्हांस मान्य आहेत. त्यांसाठीं २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, आणि तो नीट अमलांत आणवून घेणें हें नागरिकांचें काम आहे. तिसरा मुद्दा मात्र निर्लज्जपणाचा आहे. भारत सरकारच्या २०२४ च्या कालवापर-पाहणीप्रमाणें घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यांत दिवसाकाठीं सरासरी २८९ मिनिटें जातात, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीं ८८. अठ्ठ्याऐंशी मिनिटें राबणाऱ्यानें पावणेपांच तासांहून अधिक राबणारीला आळशी म्हणावें, हा कोठला न्याय? चुलीचा अभिमान ज्यास असेल त्यानें आठवड्यांतून चार दिवस तिच्यापुढें उभें राहावें, आणि मग संस्कृतीवर व्याख्यान द्यावें.

दुसरा आक्षेपक सोयीचा कैवारी आहे, आणि त्याचा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तो म्हणतो, ‘मग पार्सलानें त्याच गृहिणीची एक संध्याकाळ मोकळी होते, तर तुमच्या पोटांत कां दुखतें?’ आजारी, वृद्ध, बाळंतीण किंवा रात्रपाळी करून आलेला यांनीं अन्न घरीं मागवावें; त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु धडधाकट गृहिणीची मोकळी संध्याकाळ चार भिंतींच्या आंतच कां जावी, हें या आक्षेपकानें सांगावें. खरी गोष्ट अशी आहे कीं, लहान गांवांतील बहुतेक हॉटेलें पुरुषांच्या सोयीनें मांडलेलीं आहेत. ती एकटी आंत गेली तर माना वळतात; घरच्यांसह गेली तर ‘फॅमिली’ अशी पाटी लावलेल्या कोंदट खोलींत, पडद्याआड तिची स्थापना होते. पुरुष नाक्यावर चहा घेतो, गांवच्या दहा गोष्टी ऐकतो, आणि येतांना तिच्यासाठीं पुडा बांधून आणतो. पार्सलानें तिची चूल सुटते, उंबरा सुटत नाहीं. याला सोय म्हणावें. मोकळीक म्हणूं नये. राज्यघटनेच्या त्या कलमांत जातीच्या शेजारींच ‘लिंग’ हा शब्द आहे, याचें स्मरण या आक्षेपकास कोणी तरी करून द्यावें.

घरपोंच अन्नाची याहून काळी बाजू तें आणणाऱ्याच्या वांट्यास येते. २०२२ च्या नीति आयोगाच्या अहवालांत अशा ‘गिग’ कामगारांची संख्या २०२०-२१ सालीं ७७ लाख धरली असून २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला आहे. यांत अन्न पोंचविणारांखेरीज इतरही आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें त्यांस कायद्यांत नांव दिलें. दारांत मात्र त्यांस अजून स्थान मिळालेलें नाहीं. मोठ्या शहरांत कित्येक इमारतींनीं त्यांच्यासाठीं निराळा जिना किंवा निराळी लिफ्ट नेमली आहे. मार्च २०२४ मध्यें झोमॅटोनें शाकाहारी गिऱ्हाइकांसाठीं निराळें पथक काढून त्यास हिरवा पोषाख देण्याचें जाहीर केलें, आणि टीका होतांच दुसऱ्या दिवशीं पोषाखाचा बेत मागें घेतला. कारण तांबड्या पोषाखाचा मनुष्य मांसाहार आणणारा समजून कांहीं वसाहतींत अडविला जाईल, ही भीति कंपनीलाच वाटली. ही भीति निराधार होती असें कोण म्हणेल? हॉटेलांत बसलेल्या मनुष्यास वाढपी दिसतो, त्याचें नांव कळतें, त्याच्याशीं हुज्जतही घालतां येते. दारांत आलेल्याचा केवळ हात दिसतो, आणि त्याच्या कष्टाचें माप चांदण्यांच्या खुणांनीं, बोटाच्या एका टिचकीसरशीं होतें. सोंवळें गेलें म्हणून आनंद मानणाऱ्या आमच्या वर्गानें तें मोबाइलांतून पुन्हां घरांत आणलें आहे.

आणि अन्नाचें तरी काय होतें? तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी डब्यांत कोंडली कीं घामेजते, मग वातड होते. भज्यांचा कुरकुरीतपणा पंधरा मिनिटांचा सोबती. जे पदार्थ अर्धा तास बंद डब्यांत तग धरतात, तेच या व्यापारांत तरतात. लोण्याच्या दाट रश्श्याची भाजी, तळलेला भात, मंचूरियन, बिर्याणी. यांपैकीं बिर्याणीशीं हैदराबादेच्या सान्निध्यामुळें आमचा जुना ऋणानुबंध आहे. पण येसराची आमटी, पिठलें-भाकरी, सकाळचा सुशीला यांस या बाजारांत कोणी वाली नाहीं. चव मुदखेडची राहत नाहीं, डब्याची होते. मोठ्या शहरांत तर बसण्यास एक खुर्चीही नसलेलीं, केवळ पार्सलासाठीं चालणारीं स्वयंपाकघरें निघालीं आहेत. तेथें गिऱ्हाइकास आंत डोकावून कढईंतलें तेल पाहण्याची वाटच नाहीं. शुद्धतेच्या कैवाऱ्यानें याचा विचार करावा. हॉटेलवाले या कंपन्यांच्या दलालीनें गांजले आहेत. त्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानें एप्रिल २०२२ मध्यें दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या व्यवहाराची चौकशी करण्याचा हुकूम दिला. जी गोष्ट मोठ्या शहरांतील मातबर हॉटेलवाल्यांस जड जाते, ती मुदखेडच्या बाजारांतील चार बाकड्यांच्या मालकास कशी पेलावी?

तेव्हां आमचें मागणें साधें आहे. नगरपालिकेनें बाजारांत व स्थानकाच्या परिसरांत पिण्याचें स्वच्छ पाणी आणि स्त्रियांसाठीं स्वच्छतागृह यांची सोय ठेवावी. याविना स्त्रियांस बाहेर खाण्याचें आमंत्रण देणें ही थट्टा होय. हॉटेलवाल्यांनीं ‘फॅमिली’चा पडदा काढून टाकावा आणि पेले धुण्याची जागा गिऱ्हाइकास दिसेल अशी ठेवावी. आणि या मासिकाच्या वाचकांनीं आठवड्यांतून एकदां तरी बायकामुलांसह आपल्या आळींतल्या हॉटेलांत जाऊन, शेजारीं कोण येतें याची चिकित्सा न करतां, बाकड्यावर बसावें. घरीं मागविण्याचा प्रसंग आलाच, तर जो पुडा घेऊन येतो त्यास आंत बोलवावें, आणि ज्या तांब्या-भांड्यानें आपण पाणी पितों त्याच तांब्या-भांड्यानें त्यास पाणी द्यावें. एवढें करण्यास ज्याचा हात कचरतो, त्यानें आपल्या घरची चूल पेटती आहे कीं थंड, याची चिंता समाजापुढें बोलून दाखवूं नये.