उपक्रम भरपूर, शिकवण्याचे दिवस मात्र मोजके
उच्च माध्यमिक स्तरावरील अर्थशास्त्र विभागांच्या वर्षाचा लेखाजोखा

खास प्रतिनिधी

शैक्षणिक वर्ष संपत आले की कनिष्ठ महाविद्यालयांत विभागवार वार्षिक अहवाल लिहिण्याची लगबग सुरू होते. अर्थशास्त्र विभागाच्या अहवालाचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. २९ जूनला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जन्मदिनी साजरा होणारा सांख्यिकी दिन, भित्तिपत्रक, बँकेला भेट, निबंध व प्रश्नमंजूषा स्पर्धा, २४ डिसेंबरचा राष्ट्रीय ग्राहक दिन, अर्थसंकल्पावरील व्याख्यान आणि शेवटी बारावीच्या निकालाची टक्केवारी. मुंबईतील महाविद्यालय असेल तर फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयाची सहलही त्यात असते. २००४ साली सुरू झालेले हे संग्रहालय पैशाच्या इतिहासाचा उत्तम धडा देते. अहवालातील नोंदी खोट्या नसतात. त्यामागे शिक्षकांचे कष्टही असतात. प्रश्न आहे तो या साऱ्यातून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, याचा.

मुळात या विभागांकडे येणाऱ्या विद्यार्थ्याची शिदोरीच तुटपुंजी असते. राज्य मंडळाच्या पूर्वीच्या अभ्यासक्रमात दहावीला 'भूगोल व अर्थशास्त्र' अशी एकत्रित प्रश्नपत्रिका होती. अर्थशास्त्राच्या वाट्याला त्यात थोडेच गुण येत, तरी विषयाला स्वतःचे नाव होते. २०१८ मध्ये दहावीचा नवा अभ्यासक्रम आला आणि ते नावही गेले. नववीच्या भूगोलात अर्थशास्त्राची ओळख करून देणारा पाठ आणि दहावीच्या भूगोलात भारत व ब्राझील यांच्या अर्थव्यवस्थांची तुलना, एवढ्यावर शालेय अर्थशास्त्राची बोळवण झाली. केंद्रीय मंडळाच्या शाळांत मात्र २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर नववी-दहावीला अर्थशास्त्राची स्वतंत्र पुस्तके आली. पालमपूर या काल्पनिक गावाच्या गोष्टीतून तिथला नववीचा विद्यार्थी जमीन, श्रम आणि भांडवल समजून घेत असे. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला तेच सारे अकरावीत एकदम भेटते.

अकरावीचे वर्षही पूर्ण हाती लागत नाही. २०२५-२६ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यात राबवण्यात आली आणि वर्ग सुरू होण्यास ऑगस्ट उजाडला. जून-जुलैतील उपक्रम कागदावर झाले तरी त्यांना अकरावीचा विद्यार्थी हजर नव्हता. बारावीची अडचण दुसऱ्या टोकाला आहे. २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो. सार्वजनिक वित्तव्यवहार हे बारावीच्या पुस्तकातील स्वतंत्र प्रकरण. महसुली तूट म्हणजे काय, हे सांगण्यासाठी याहून चांगला दिवस नाही. परंतु २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. अर्थसंकल्पाच्या दिवशी विद्यार्थी वर्गात नव्हे, तर सराव प्रश्नपत्रिकांत बुडालेला होता. रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताहही २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे बारावीची परीक्षा ऐन भरात असताना आला. विषय जेव्हा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो, नेमका तेव्हाच तो वर्गातून हद्दपार होतो, अशी ही विसंगती आहे.

अभ्यासक्रमात दोष आहेच असे नाही. २०१९ मध्ये अकरावीचे आणि २०२० मध्ये बारावीचे नवे पाठ्यपुस्तक आले. अकरावीच्या पुस्तकात महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, बेरोजगारी, दारिद्र्य आणि १९९१ नंतरच्या आर्थिक सुधारणा आहेत. बारावीत निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न व वित्तीय बाजार आहेत. लेखी परीक्षा ८० गुणांची झाली आणि उरलेले २० गुण प्रकल्प व तोंडी परीक्षेसाठी महाविद्यालयांच्या हाती आले. विद्यार्थ्याने बाजारात जावे, भाव टिपावेत, निर्देशांक स्वतः काढून पाहावा, यासाठी ही मोकळीक होती. परंतु वर्ग भरगच्च असेल तर एक शिक्षक किती प्रकल्प वाचणार आणि किती तोंडी परीक्षा घेणार? गेल्या वर्षीची वही नव्या वेष्टनात सादर होते आणि गुण मात्र पदरात पडतात. हे गुण निकालाची टक्केवारी उंचावतात. ती टक्केवारी अहवालात 'यश' म्हणून नोंदली जाते.

यात पणाला काय लागले आहे, हे वर्गाबाहेर कळते. २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला केवळ १००० रुपये काढण्याची मुभा दिली. आपल्या ठेवीवर १ लाख रुपयांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे, हे अनेकांना तेव्हा समजले. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा ५ लाख रुपये झाली. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले. शेजारच्या गोव्यात हे प्रमाण ५० टक्के होते, तर देशाची आर्थिक राजधानी ज्या राज्यात आहे त्या महाराष्ट्रात अवघे १७ टक्के. आर्थिक साक्षरता म्हणजेच अर्थशास्त्र नव्हे, हे खरे. पण व्याज, महागाई आणि जोखीम यांचा परस्परसंबंध उमगण्याची जागा शेवटी याच विषयाचा वर्ग आहे. विज्ञान शाखेला जाणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना तर तोही वर्ग मिळत नाही.

यातून मार्ग काढण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. अर्थसंकल्पाचे वाचन फेब्रुवारीतच झाले पाहिजे असे नाही; मागील वर्षाची कागदपत्रे जुलैत वर्गात उघडता येतात आणि वर्षभरात किती खर्च झाला, हे ताडून पाहता येते. दिवाळीआधी आणि दिवाळीनंतर एकाच बाजारातील २० वस्तूंचे भाव टिपले, तर निर्देशांकाचे प्रकरण पाठ करावे लागणार नाही. ऑक्टोबरात नोबेल जाहीर होते. २०१९ चे मानकरी अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मले आणि त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी मूळच्या मराठी, एवढा धागाही दारिद्र्याच्या प्रकरणात शिरायला पुरेसा आहे. ठेव विम्याची माहिती तर ज्या बँकेला भेट द्यायची तिथेच विचारता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाखांमधील भिंती सैल करण्याची भूमिका घेतली आहे. ती प्रत्यक्षात उतरली, तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही या वर्गाचे दार उघडेल.

तोवर विभागीय अहवालांत एक रकाना वाढवायला हरकत नाही. किती कार्यक्रम झाले, यासोबत किती विद्यार्थ्यांनी स्वतः आकडे गोळा केले, याची नोंद त्यात असावी. पहिल्या वर्षी तो आकडा कदाचित लहान असेल. पण विभागाच्या कामाचे मोजमाप त्यावरूनच अधिक नेमके होईल.