हळदीचे पैसे आणि दुसरी फी

‘स्वतःच्या हिमतीवर शिकलेला’ हे विशेषण हिंगोली जिल्ह्यात ज्या पिढीला लावले जाते, ती आता पन्नाशी-साठीत पोहोचली आहे आणि तिची मुले अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा वैद्यकीय शाखेच्या प्रवेशफेऱ्यांत उभी आहेत. स्वतःची फी स्वतः भरलेल्या माणसाला मुलाची फी भरताना जो भार जाणवतो, तो केवळ महागाईचा नसून दोन निराळ्या व्यवस्थांमधल्या अंतराचा आहे. हे अंतर ध्यानात न घेतल्यामुळेच ‘आम्ही नाही का शिकलो?’ या प्रश्नाने घरातली चर्चा खुंटते.

स्वावलंबी शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’, म्हणजे विद्यार्थ्याने श्रम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवण्याची पद्धत रुजवली आणि 1947 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजातून ती उच्च शिक्षणात नेली. मराठवाड्यात मात्र निजामाची राजवट 1948 मध्ये संपली, विद्यापीठ 1958 मध्ये आले, आणि तिथल्या स्वावलंबनाला संस्थेपेक्षा घराचाच आधार अधिक होता: सुटीत खुरपणी, रोजगार हमीच्या कामावर मातीच्या पाट्या, परभणी-नांदेडला चौघांत एक खोली, आणि गावाहून एस.टी.ने येणारा डबा. फडक्यात आवळून बांधलेला, झाकणावर नाव घातलेला हा डबा वाहकाच्या ओळखीवर प्रवास करी आणि उघडेपर्यंत आतल्या भाकरीला घाम सुटलेला असे. पहाटे उठून ती भाकरी थापणाऱ्या बाईच्या कष्टाची नोंद ‘स्वतःच्या हिमती’च्या हिशोबात सहसा सापडत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

त्या हिशोबातून आणखी एक रक्कम गळते. ती पिढी शिकली ती प्रामुख्याने अनुदानित, म्हणजे प्राध्यापकांचे वेतन शासन देत असलेल्या महाविद्यालयांत. त्यावर ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांना मिळणारी फीसवलत किंवा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती होती. विद्यार्थ्याच्या वाट्याला उरलेली फी इतकी बेताची असे, की ती रोजंदारीच्या दिवसांत मोजता येई. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी केली, तेव्हा जागा वाढल्या हे खरेच. परंतु त्या जागांचा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून वसूल होऊ लागला आणि रोजंदारीचे ते माप कायमचे निरुपयोगी झाले. सुटीभर राबून आज खोलीभाडे सुटेल, वर्षाची फी सुटणार नाही.

हिंगोलीत या फीला शेतीचे वेळापत्रक आडवे येते. जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाते, शिजवली, वाळवली आणि पॉलिश केली जाते, आणि तिचे पैसे उन्हाळ्यात हाती येतात. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास. प्रवेशाचा पहिला हप्ता नेमका पेरणीच्या दिवसांत येत असल्याने हळदीच्या पैशांवर बियाणे, खत आणि फी या तिघांचा एकाच वेळी हक्क असतो. भाव पडलेला असेल तर कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल घेता येते, परंतु या उचलीची मुदत सहा महिन्यांची असते आणि पदवीची चार वर्षांची.

उरते शैक्षणिक कर्ज. बँकांच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार होतो आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर सवलतीच्या मुदतीने सुरू होते. मात्र या काळातही व्याज चढतच असते. त्यापुढच्या रकमेसाठी जमीन दाखवावी, तर सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा, म्हणजे बँकेच्या हक्काची नोंद, आधीच चढलेला असतो. ज्या माणसाने कर्ज न काढता शिकल्याचा अभिमान तीस वर्षे बाळगला, त्याला मुलाच्या कर्जावर सही करणे हा पराभव वाटतो. वास्तविक त्याच्या वेळचे कर्ज शासनाने परस्पर फेडले होते, एवढेच.

अलीकडे काही भार पुन्हा शासनाकडे सरकला आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले; त्याच वर्षी हिंगोलीत 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. खोली, खानावळ आणि पुस्तके या माफीत येत नाहीत. तरीही एकाच घरातील भाऊ-बहिणीच्या फीच्या पावत्या शेजारी ठेवल्या असता, लग्नाचा खर्च म्हणून आजवर मुलीच्या शिक्षणातून वजा होणारी रक्कम आता भावाच्या हप्त्याकडे वळवण्याचा मोह बापाला होतो की मुलीच्या वसतिगृहाकडे, हे यंदाची हळद विकल्यावर प्रत्येक घरात ठरेल.