नकाशात न सापडणारे नंदुरबार

लंडनचे हवामान २०५० पर्यंत बार्सिलोनासारखे होईल, या भाकिताने २०१९ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत मोठी जागा मिळवली. स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक या संस्थेच्या संशोधकांनी ५२० मोठ्या शहरांसाठी असे ‘भावी जुळे’ शोधले होते आणि ते सर्वांना पाहता यावेत म्हणून एक वेब अ‍ॅपही तयार केले होते. शहरावर टिचकी मारावी आणि त्याचे उद्याचे हवामान आज कोणत्या शहरात नांदते ते पाहावे. हवामानबदलाचा अमूर्त विषय सामान्यांपर्यंत नेण्याची ही युक्ती प्रभावी होती, यात शंका नाही. मात्र प्रशासकीय राजधानी किंवा दहा लाखांहून अधिक वस्ती, हा यादीत प्रवेशाचा निकष होता. २०११ च्या जनगणनेत सुमारे एक लाख अकरा हजार लोकसंख्या असलेले नंदुरबार त्यात बसणे शक्यच नव्हते.

मग नंदुरबारसाठी असे अ‍ॅप का बांधू नये? प्रोग्रॅमिंगची अडचण आता उरलेली नाही. नकाशे रंगवण्याची मुक्त साधने कोणाही विद्यार्थ्याच्या हाताशी आहेत. अडचण आहे ती रंगांखालच्या आकड्यांत. भारतीय हवामान विभागाची तापमानाची दीर्घकालीन नोंदमाला एक अंशाच्या, म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोमीटर बाजूच्या चौकटींत मिळते. नंदुरबार, शहादा आणि तोरणमाळ ही तिन्ही ठिकाणे एकाच चौकटीत येतात. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच, तर तापीकाठची गावे दोनशे मीटरांच्याही खाली. केवळ या उंचीमुळेच तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडतो. दोहोंना एकच लाल छटा देणारा नकाशा देखणा होईल, खरा होणार नाही. आणि असा नकाशा एखाद्या जिल्हा आराखड्याला जोडला गेला, की त्याची शहानिशा कोण करणार?

राज्यात २०१७ पासून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांचे महत्त्व कमी नाही. केळीसारख्या फळपिकांच्या विम्याची भरपाई अशा नोंदींवरच ठरते. परंतु हवामानाची सरासरी काढण्यासाठी तीस वर्षांची मालिका प्रमाण मानली जाते. जेमतेम दशकभराच्या नोंदींवरून बदलाची रेघ ओढली, तर एल निनोचे एखादे वर्षही हवामानबदल म्हणून खपून जाईल.

पावसाचे मात्र वेगळे आहे. १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची नोंद पाव अंशाच्या चौकटींत उपलब्ध आहे, आणि या जिल्ह्याचा कळीचा प्रश्नही बहुधा तिथेच आहे. नंदुरबारच्या बाजारात येणारी ओली लाल मिरची शहराभोवतीच्या मोकळ्या पथाऱ्यांवर वाळत घातली जाते. दिवाळीनंतर अवकाळी सर कोसळली, की काही तासांत रंग जातो, बुरशी धरते आणि व्यापाऱ्याबरोबरच मिरची पसरणाऱ्या, देठ खुडणाऱ्या मजुराचाही रोज बुडतो. वार्षिक सरासरीच्या आलेखात हे नुकसान दिसत नाही. वर्षाचा पाऊस तेवढाच राहूनही नोव्हेंबर ते जानेवारीतले ओले दिवस वाढले आहेत का, हे शतकभराच्या नोंदींतून काढता येईल. नंदुरबारच्या अ‍ॅपचे पहिले पान हेच असावे, बार्सिलोना नव्हे.

ते उघडणार कोण, हाही प्रश्न आहेच. २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख असलेली जिल्ह्याची वस्ती बहुतांश ग्रामीण असून दोनतृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी आहेत. पावरी, मावची, अहिराणी बोलणाऱ्यांसमोर इंग्रजी सूचीचा नकाशा ठेवून काय साधणार? याच जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या ‘आधार’ क्रमांकांचे वाटप झाले होते. यंत्रणेला माणसाची नोंद हवी होती तेव्हा ती सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचली. आता माणसाला नोंद हवी आहे. ती आवाजातून, बोलीतून आणि नेटवर्क नसतानाही मिळेल अशी बांधणी अवघड असली तरी अशक्य नाही. तोवर धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगररांगांवर, जिथे पाव अंशाची चौकटही अपुरी पडते, तिथे रंग भरण्याऐवजी ‘पुरेशी नोंद नाही’ असे स्पष्ट लिहिले तरी चालेल.