समतेच्या व्यासपीठावर हिंदू अनामिक का?

ब्रिटनमधील विद्यापीठांत वंश, समता, आरोग्य आणि सामाजिक सामंजस्य या विषयांवरील व्याख्यानांना तोटा नाही. २००० सालच्या वंशसंबंध दुरुस्ती कायद्याने विद्यापीठांसह सार्वजनिक संस्थांवर वांशिक समतेला चालना देण्याचे दायित्व टाकले. २०१० च्या समता कायद्याने ते धर्माच्या क्षेत्रापर्यंत नेले. हेतू स्तुत्यच आहे. प्रश्न आहे तो या व्यासपीठांवरून बोलल्या जाणाऱ्या भाषेचा. दुःखाची मोजदाद होते तेव्हा तेथील हिंदू केवळ ‘एशियन’ असतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे असते तेव्हा मात्र तो नेमका ‘हिंदू’ होतो. हा कोणता न्याय?

२००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड या शहरांत दंगली उसळल्या. त्यानंतर आलेल्या टेड कँटल यांच्या अहवालाने एकमेकांना न भेटणाऱ्या ‘समांतर आयुष्यां’चे चित्र मांडले आणि ‘कम्युनिटी कोहिजन’ हा शब्द सरकारदरबारी व विद्यापीठांत रूढ झाला. गोऱ्या तरुणांबरोबरच या संघर्षात होते ते प्रामुख्याने पाकिस्तानी व बांगलादेशी वंशाचे तरुण. वृत्तपत्रांनी मात्र त्यांना सरसकट ‘एशियन’ म्हटले. त्याच वर्षीच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न प्रथमच विचारला गेला आणि इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे साडेपाच लाख हिंदू असल्याचे दिसले. २०२१ मध्ये ही संख्या १० लाख ३२ हजारांवर गेली. एवढ्या मोठ्या समाजाला स्वतःचे नाव असू नये?

हा प्रश्न केवळ अस्मितेचा नाही. आरोग्याचे उदाहरण पाहावे. दक्षिण आशियाई शरीराला मधुमेहाचा धोका अधिक, म्हणून तेथील आरोग्ययंत्रणेने २०१३ मध्ये या समाजांसाठी वजनाच्या निर्देशांकाची धोक्याची रेषा २५ वरून २३ वर आणली. जेथे शरीर समान, तेथे वर्गही समान असावा. याला कोणाची हरकत असणार? परंतु आहार समान नाही. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या कुटुंबांतील बी-१२ ची कमतरता, एकादशी-चातुर्मासाचे उपवास आणि त्या काळातील औषधांच्या वेळा हे सारे ‘एशियन’ या शब्दाखाली गडप होते. ज्या रुग्णाचे नावच नोंदवलेले नाही, त्याचे पथ्य कोण सांगणार?

आता दुसरी बाजू. जातीचा विषय निघताच हिंदू हे नाव ठळक अक्षरांत झळकते. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची मुभा सरकारला होती. २०१३ मध्ये ते बंधनकारक झाले. २०१८ मध्ये सरकारने न्यायालयीन निर्णयांतून मिळणारे संरक्षण पुरेसे असल्याचे सांगून ती तरतूद मागे घेण्याचा मनोदय जाहीर केला. वस्तुतः जात भारतीय उपखंडातील शीख, मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांतही आहे. मग व्याख्यानातील उदाहरणे एकाच धर्माची का? आणि ज्या मुलाला स्वतःची जात ठाऊक नाही, त्याच्या कपाळी तिचा शिक्का कायद्याने मारावा, ही समता म्हणायची काय?

मात्र याचे उत्तर ‘आमच्यात जातिभेद नाहीच’ असे कानांवर हात ठेवून देता येणार नाही. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध धिक्कार केला, तो परक्यांच्या आरोपाला उत्तर म्हणून नव्हे, तर स्वसमाजाचे कर्तव्य म्हणून. एखादे व्याख्यान समाजाला आत्मपरीक्षणाला कसे उभे करते, याचा तो वस्तुपाठ होता. परदेशातील मंदिरात, मंडळात वा विवाहाच्या बोलणीत जर कोणाला जात विचारून दूर लोटले जात असेल, तर तो कलंक तेथील हिंदूंनी स्वतःच पुसला पाहिजे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

निषेधाची पत्रके काढून व्याख्याने बंद पाडणे हाही मार्ग नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये राहून ग्रंथालये पालथी घातली, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. मिळवली. साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्याचे अर्थकारण त्यांनी कागदपत्रांनिशी तपासले. त्यांचे तेथील निवासस्थान महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. त्या वास्तूपुढे नतमस्तक होणाऱ्यांनी त्यांची अभ्यासाची शिस्तही उचलावी.

ब्रिटनमधील हिंदू घरांत डॉक्टर आहेत, औषधविक्रेते आहेत, लेखापाल आहेत. समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि इतिहास यांत संशोधन करणारे किती? जोपर्यंत आपल्या समाजाविषयी आपण स्वतः लिहीत नाही, तोपर्यंत दुसरे लिहितील तेच प्रमाण ठरेल. सभागृहात पहिल्या रांगेत बसावे, आकडे मागावेत, आपल्या उणिवा न लपवता आपले नाव मागावे. समता ही कोणाची मेहेरबानी नव्हे; परंतु अभ्यासावाचून ती पदरातही पडत नाही.