क्रांतीचे भाट की क्रांतीचे मित्र?

व्यंगचित्र हे सत्तेची टोपी उडवण्यासाठी असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मग व्यंगचित्रकारच एखाद्या क्रांतीचा जयजयकार करू लागला, तर त्याला व्यंगचित्रकार म्हणावे की भाट? १८६८ च्या स्पॅनिश क्रांतीची व्यंगचित्रे पाहताना हा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याचे उत्तरही त्याच चित्रांत आहे.

सप्टेंबर १८६८ मध्ये कादिझ बंदरात अ‍ॅडमिरल टोपेते याच्या आरमाराने बंड पुकारले. जनरल प्रिम आणि जनरल सेर्रानो त्यात सामील झाले. २८ सप्टेंबरला आल्कोलेआच्या लढाईत राणीच्या सैन्याची पीछेहाट झाली आणि दोनच दिवसांनी राणी दुसरी इसाबेल फ्रान्समध्ये निघून गेली. 'ला ग्लोरिओसा', म्हणजे 'वैभवशालिनी', या नावाने ही क्रांती ओळखली जाते. तिने पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार दिला, १८६९ च्या संविधानात मुद्रणस्वातंत्र्य मान्य केले, आणि व्यंगचित्रांना बहर आला.

त्याच १८६९ मध्ये बार्सिलोनात एक नियतकालिक निघाले. त्याचे नाव 'ला फ्लाका', म्हणजे 'हडकुळी'. ही हडकुळी म्हणजे खुद्द स्पेन! त्यातली रंगीत शिळाछाप चित्रे मुख्यतः तोमास पाद्रो काढीत असे. हे लोक क्रांतीच्याच बाजूचे, विचाराने प्रजासत्ताकवादी. तरीही 'वैभवशालिनी'च्या राज्यात त्यांनी देश रेखाटला तो मात्र हाडांचा सापळा झालेला! मला या पत्राचे सारे मोठेपण या एका नावात दिसते.

कारण हडकुळेपणा खोटा नव्हता. क्रांतीच्या वेळी सक्तीची सैन्यभरती बंद करण्याची वचने दिली गेली होती. ती पाळली गेली नाहीत. पैसेवाल्यांची मुले रक्कम भरून सुटत, गरिबांची जात. १८७० मध्ये बार्सिलोनाजवळच्या ग्रासिया येथे या भरतीविरुद्ध लोक उठले. राणीला घालवणारे नेते नवा राजा शोधत युरोपभर फिरले आणि अखेर इटलीचा राजपुत्र आमादेओ यास १९१ मतांनी निवडून मोकळे झाले. या राजशोधाची 'ला फ्लाका'ने यथेच्छ टर उडवली. पत्र बंद पाडले गेले की ते दुसऱ्या नावाने निघे. असे करीत ते १८७६ पर्यंत टिकले.

फेब्रुवारी १८७३ मध्ये आमादेओने राजत्याग केला आणि प्रजासत्ताक आले. तेव्हा याच पत्राने प्रजासत्ताकाचे गौरवचित्र छापले: डोक्यावर स्वातंत्र्याची लाल टोपी घातलेली तरुणी. चित्र सुंदर आहे. पण क्रांती स्त्रीरूप, प्रजासत्ताक स्त्रीरूप, आणि मतपेटीपाशी स्त्री नाही! स्पॅनिश स्त्रीला तो अधिकार १९३१ मध्ये मिळाला. क्यूबातील गुलामगिरी तर १८८६ पर्यंत चालूच होती. जयजयकाराच्या भरात मित्राची नजरही कशी तोकडी पडते, याचा हा पुरावा होय.

ते प्रजासत्ताक दोन वर्षेही टिकले नाही. डिसेंबर १८७४ मध्ये इसाबेलच्या मुलाला राजा घोषित करण्यात आले. त्याला व्यंगचित्रकारांची थट्टा कारण झाली, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. थट्टेने वचने मोडली नव्हती. मोडलेली वचने तिने फक्त दाखवली.

भाट विजयाच्या दिवशी गातो आणि बिदागी घेऊन घरी जातो. मित्र दुसऱ्या दिवशी येतो आणि विचारतो, कबूल केलेले काय झाले? आपल्याला पटणाऱ्या पक्षाचे, चळवळीचे वा संघटनेचे व्यंगचित्र पाहून राग आला, तर कागद फाडण्यापूर्वी एवढेच तपासावे, की चित्रातली बरगडी खोटी आहे का?