जुगाराचे खाते कोणाकडे?

२०२५ च्या जुलै महिन्यात विधान परिषदेचे कामकाज चालू असता तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमीचा डाव दिसत असल्याची चित्रफीत घरोघर पोहोचली. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेर त्यांच्याकडील कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. त्यावर लोक पोटभर हसले. आमच्या मते प्रकरण हसण्यावर फार स्वस्तात मिटले. एका मंत्र्याच्या हातातील डावाची एवढी चर्चा झाली. खुद्द शासनाच्या हातातील डावाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. वाचकहो, या राज्यात जुगाराचे खाते नेमके कोणत्या मंत्र्याकडे आहे?

मटक्याच्या अड्ड्यावर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये धाड घालणारे पोलीस गृहमंत्र्यांचे. लॉटरीची सोडत काढणारे कार्यालय वित्तमंत्र्यांचे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सला १९१२ च्या कायद्याखाली परवाना राज्य शासनाचा. पण तेथील जमिनीच्या भाडेपट्ट्याचा विषय निघाला की नगरविकास खाते आणि महापालिका पुढे येतात. एकाच देहाचे हात, डोळे आणि पोट असे निरनिराळ्या मंत्र्यांना वाटून दिले आहेत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात 'गेमिंग व रेसिंग मंत्री' असे पदच आहे. त्याने तेथील जुगार थांबला, असे आम्ही म्हणत नाही; पण जाब विचारायला निदान एक दार तरी आहे. आपल्याकडे पतीने पगार उधळलेल्या स्त्रीने कोणते दार ठोठवावे?

लालबाग-परळच्या वाचकांना मटका समजावून सांगण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे बंद झाले, तेव्हा कापसावाचून आकडा चालविण्याची युक्ती निघाली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे त्यातून घरोघर झाली. गिरणीत कापूस पिंजणारा कामगार पाळी संपवून बाहेर येई आणि कापसाच्याच नावाने जन्मलेल्या आकड्यावर मजुरी लावी. रात्री 'ओपन' लागे, 'क्लोज' लागेपर्यंत चाळीला झोप नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांची चूल त्यात विझत गेली. आकडा मात्र विझला नाही. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही उरत नाही, तोच नशिबाचा सर्वात निष्ठावान गिऱ्हाईक ठरतो, हे मटकेवाल्यांना अर्थशास्त्र न शिकता कळले होते.

दुर्दैवाने ते शासनालाही कळले. १९५७ साली मुंबई राज्यानेच लढविलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऋग्वेदातील जुगाऱ्याचा आणि महाभारतातील द्यूताचा दाखला देऊन ठणकावले होते, की जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हेच. खटला राज्याने जिंकला. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १२ एप्रिल १९६९ रोजी, महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली! न्यायालयाने ज्याला व्यापार मानण्याचे नाकारले, तो व्यापार सरकारने स्वतःच आरंभिला. त्याहून बोचरी गोष्ट अशी, की अल्पबचत आणि राज्य लॉटरी यांसाठी शासनाने एकच आयुक्त नेमला. म्हणजे पै-पै साठवा असे सांगणारा आणि तीच पै सोडतीवर लावा असे सुचविणारा अधिकारी एकच. अशी योजना कोणा विनोदी लेखकाला सुचली असती, तर संपादकांनी ती अतिशयोक्त म्हणून परत केली असती.

रेसकोर्सची गोष्ट निराळ्या वर्गाची. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. कायद्याची ती बारीक रेघ आम्हांस मान्य आहे; पण परळच्या पानपट्टीवर आकडा घेणारा कोठडीत जातो आणि महालक्ष्मीच्या तिकीटखिडकीवर पैसे लावणारा कर भरून सन्मानाने घरी येतो, हे चाळीतल्या मुलाला कोणत्या रेघेने समजवावे? २०२४ साली त्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी घेऊन उरलेले ९१ एकर शर्यतींकडे ठेवण्याचे ठरले. महिनोन्‌महिने चर्चा झाली ती जमिनीची. तेथे लागणाऱ्या पैशाची झाली नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की सरकारने सोडत काढली नाही तर लोक मटक्याकडे वळतील. परंतु राज्य लॉटरीच्या पहिल्या दोन दशकांतच मटका शिगेला पोहोचला होता, हा इतिहास त्याचे उत्तर देतो. दुसरा आक्षेप आपल्या अंगणातला: सणाच्या मांडवात हाउजी चालते, तिचे काय? ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने नशिबाचे खेळ मुळातच अन्यायकारक ठरविलेले नाहीत. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेपुरते जे लागते तेच हिरावले जाऊ लागले, की ते अग्राह्य होतात. मांडवातील खेळ एका रात्रीत संपतो आणि पेटी कोणाच्या हातात आहे हे सर्वांना दिसते. तेथेही कोणी रेशनचे पैसे लावताना दिसला, तर त्याला उठवून घरी धाडणे हे आम्ही आमचे काम समजतो. शासनाच्या मांडवात असे उठवणारा कोण आहे?

न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ साली शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून देशभर ऑनलाइन खेळ, कॅसिनो आणि शर्यतींच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर आला. २०२५ च्या सप्टेंबरात तो ४० टक्के झाला. मधल्या ऑगस्टमध्ये केंद्राने मोबाईलवरील पैशांच्या खेळांना बंदी करणारा कायदा केला. म्हणजे मनात आले की सरकारला करता येते. मात्र कर वाढला की तिजोरीचा लोभही वाढतो. लोभी पहारेकरी चोरापेक्षा बरा, एवढेच फार तर म्हणता येईल.

आमची मागणी साधी आहे. जो मंत्री जुगाराचे उत्पन्न घेतो, त्याच्याकडे जुगाराची देखरेख नसावी. जो देखरेख करील, त्याने दर अर्थसंकल्पी अधिवेशनात जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडावी: या पैशापायी किती घरे कर्जात गेली, किती मुलांची शाळा सुटली, आणि त्यांच्यासाठी शासनाने किती रुपये खर्चिले. ही मोजणी आज कोणत्याच मंत्र्याच्या टेबलावर नाही. शिवडी, माहीम आणि मलबार हिल या मतदारसंघांचे उमेदवार पुढच्या खेपेस दारी येतील, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी त्यांना चहा अवश्य द्यावा आणि कप खाली ठेवण्यापूर्वी विचारावे, की हे खाते कोणाकडे देणार?